लेकुरवाळी, बिनलेकरी आणि मालकाची तिजोरी

२०२४ च्या पावसाळ्यात नागपुरातील एका ट्रस्टच्या दवाखान्यात काम करणाऱ्या दोन सिस्टर आठवडाभराच्या अंतराने माझ्याकडे आल्या. दोघीही आपल्याच समाजातल्या, दोघीही एकाच वॉर्डातल्या. पहिलीची तक्रार दुसरीविरुद्ध होती आणि दुसरीची पहिलीविरुद्ध. दोघींनाही ठाऊक नव्हते की आपली मैत्रीण याच खुर्चीवर बसून गेली आहे किंवा बसणार आहे. वकिलाच्या वाट्याला असा योग क्वचितच येतो!

पहिली चाळिशी ओलांडलेली. नोकरीला सोळा वर्षे झालेली. लग्न झाले, पण मूल झाले नाही म्हणून नवऱ्याने दुसरा संसार थाटला आणि ही माहेरी परत आली. माहेरी कोण, तर लकव्याने अंथरुणाला खिळलेली आई. सोबत तिने एक शाळकरी वही आणली होती. त्या वहीत महिन्यामागून महिने तिने आपल्या रात्रपाळ्या लिहून ठेवल्या होत्या. पूर्वी महिन्याला आठ नाइट यायच्या, त्या तेरा झाल्या होत्या आणि तेरावरच थांबल्या होत्या. मेट्रनकडे गेली तर उत्तर ठरलेले, "तुमच्या घरी कुठे लहान मूल आहे? तुम्ही अ‍ॅडजस्ट करा." हे सांगताना ती रडली नाही. चिडून म्हणाली, "वकीलभाऊ, मले लेकरू नाही म्हनून मले झोप लागत नाही का?"

दुसरी एकोणतीस वर्षांची, पदरी दोन वर्षांची मुलगी. प्रसूतीची रजा संपवून ती कामावर आली त्या दिवसापासून वॉर्डात तिचे नाव 'रजेवाली' पडले होते. वार्षिक वाढ रोखली गेली. कारण लेखी दिलेले नाही, पण तोंडी सांगितले गेले की वर्षातले सहा महिने काम केलेच नाही तर वाढ कसली? दवाखान्यात पाळणाघर नाही. दिवसपाळीला सासू मुलीला सांभाळते, रात्री सासूला दमा उसळतो. तिला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट मात्र मोठ्या सिस्टरचे बोलणे होती. "ताई सगळ्यांपुढे म्हणतात, पोरं तुम्ही काढायची आणि रात्री आम्ही काढायच्या!"

मी दोघींचेही म्हणणे ऐकले आणि प्रामाणिकपणे सांगतो, दोघींचेही पटले. दोघी खरे बोलत असतील तर खोटे कोण बोलत आहे, हा प्रश्न उरतो. म्हणून दोघींच्या पगाराच्या स्लिपा मागवल्या.

धाकटीचा पगार १८,५०० रुपये. म्हणजे ती कर्मचारी राज्य विमा योजनेत बसते, कारण या योजनेची पगारमर्यादा २०१७ पासून २१,००० रुपये आहे. आता वाचकांनी इथे नीट लक्ष द्यावे. या योजनेखालील बाईला प्रसूतीच्या २६ आठवड्यांचा लाभ दवाखान्याचा मालक देत नाही, तो विमा महामंडळ देते. म्हणजे सहा महिन्यांचा तिचा पगार, ढोबळ हिशेबाने एक लाख अकरा हजार रुपये, ट्रस्टच्या तिजोरीतून गेलाच नाही. बरे, तिच्या जागी कोणी बदली सिस्टर नेमली का? नाही. मग तिचे काम कोणी केले? वॉर्डातल्या इतरांनी, आणि त्यातही जिच्या घरी लेकरू नाही तिने सर्वांत जास्त. त्या जादा पाळ्यांचा एक पैसा तरी तिला मिळाला का? नाही.

म्हणजे हिशेब असा झाला. महामंडळाने बाळंतिणीला पगार दिला. संस्थेने तो वाचवला. आणि बिनलेकरी सिस्टरने ज्या रात्री जागून काढल्या त्या बाळंतिणीसाठी नव्हत्याच. बाळंतिणीचे ऋण केव्हाच फिटलेले होते. त्या रात्री ट्रस्टच्या जमाखात्यात गेल्या!

आणखी एक बारीकशी गोष्ट. मोठ्या सिस्टरचा पगार २०,४०० रुपये. तिच्याही स्लिपेवर दरमहा विम्याची कपात आहे. २०१९ पासून कामगाराचा हप्ता पगाराच्या पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के आहे. पाऊण टक्का म्हणजे तिचे दरमहा १५३ रुपये. ही बाई स्वतः कधी प्रसूतीचा लाभ घेणार नाही, तरी महिन्याला १५३ रुपये ती ज्या फंडात टाकते त्यातूनच इतर कामगारांच्या आजारपणाला आणि कामकरी आयांच्या बाळंतपणाला पैसा जातो. याला म्हणतात सामाजिक विमा. लेकुरवाळ्यांविषयीचे तिचे कर्तव्य तिने पगारातून पार पाडलेले आहे. त्यावर पुन्हा पाच रात्री मागण्याचा अधिकार मेट्रनला कोणी दिला?

हे गणित कागदावर मांडून मी दोघींना एकत्र बोलावले. पहिली दहा मिनिटे त्या एकमेकींकडे पाहत नव्हत्या. मग मोठी म्हणाली, "म्हंजे हे आमच्या दोघींचं भांडन नोयच."

परमपूज्य बाबासाहेबांनी हा हिशेब ९६ वर्षे आधीच मांडून ठेवला आहे, याची जाणीव आपल्यातल्या किती जणांना आहे? २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूती लाभ विधेयकावर ते बोलले. गिरणी कामगार बायांना बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती व पैसा मिळावा, एवढीच त्या विधेयकाची मागणी होती. बाबासाहेबांनी मातृत्वाची महती गायली नाही. त्यांनी विचारले की हा भार कोणाचा? आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा खरे तर सरकारने उचलला पाहिजे, हे त्यांनी मान्य केले. पण त्याच वेळी मालकालाही सोडले नाही. मालक बायांना कामावर ठेवतो तो दया म्हणून नव्हे, त्यात त्याचा फायदा असतो म्हणून ठेवतो, आणि जो फायदा घेतो त्याने भारही घेतला पाहिजे, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. त्यातूनच १९२९ चा मुंबई प्रसूती लाभ कायदा आला. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना १९४३ मध्ये खाणीतल्या बायांच्या प्रसूती लाभाचे दुरुस्ती विधेयकही त्यांनीच मांडले.

हे बोलणारा माणूस कोण होता, तेही विसरून चालणार नाही. बाबासाहेब आणि माता रमाईंच्या पाच लेकरांपैकी फक्त यशवंतराव जगले. लाडका राजरत्न १९२६ साली गेला, आणि दोन वर्षांनी हा बाप कौन्सिलात उभा राहून परक्यांच्या लेकरांसाठी बोलत होता. त्या ठिकाणी त्यांनी भावनेचा एक शब्द काढला असता तरी कोणी काही म्हणाले नसते. त्यांनी हिशेब मांडला.

दोन उत्तरे बाबासाहेबांनी दिली, सरकार आणि मालक. तिसरे उत्तर, म्हणजे शेजारच्या मशीनवर काम करणारी बाई, हे त्यांच्या बोलण्यात कुठेही नाही. आज मात्र सर्रास तिसरेच उत्तर चालू आहे.

याचे कारण कायद्याच्या रचनेत आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि १२ आठवड्यांची रजा २६ आठवड्यांची झाली. त्याचे स्वागत सर्वांनी केले, मीही केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच २६ आठवडे आहेत. पण विमा योजनेच्या बाहेर जी बाई आहे, तिचा सर्व पगार एकट्या तिच्या मालकाने द्यायचा, अशी ही योजना. जो मालक बायांना कामावर ठेवतो त्याला भुर्दंड, जो ठेवत नाही त्याला काहीच नाही! मग तो मुलाखतीला आलेल्या नवविवाहितेला लग्नाची तारीख का विचारणार नाही? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण करारात नेमके याच्याविरुद्ध सांगितले आहे की हा खर्च सामाजिक विम्यातून किंवा सरकारी निधीतून व्हावा, तो एकेका मालकावर टाकू नये. भारताने त्या करारावर मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही. आणि सगळ्यात मोठी फट म्हणजे रजेवर गेलेल्या बाईच्या जागी माणूस नेमलाच पाहिजे, असे बंधन कायदा मालकावर घालत नाही. रजा कायद्याने दिली, पण रजेने मोकळी झालेली जागा कोणाच्या अंगावर पडते हे कायद्याने पाहिले नाही.

दवाखान्यांत 'रजा राखीव' नावाची गोष्ट असते. खाटांच्या हिशेबाने जितक्या सिस्टर लागतात, त्यावर काही जास्तीच्या धरायच्या, कारण कोणी ना कोणी रजेवर असणारच. परिचर्या परिषदेच्या मनुष्यबळाच्या निकषांतही ही तरतूद आहे. पण खाजगी ट्रस्टच्या दवाखान्यात रजा राखीव म्हणजे काय? तर बिनलेकरी बाई! तीच यांची रजा राखीव, तीच यांची रिलीव्हर, तीच यांची दिवाळीची आणि दसऱ्याची ड्युटी. मोठ्या सिस्टरने मला सांगितले की नागपुरात राहून अशोक विजयादशमीला तिला दीक्षाभूमीवर जाता आले नव्हते, त्याला कित्येक वर्षे झाली. सणाच्या रजेत लेकरंवाल्यांचा नंबर आधी. तिचा नंबर लागेपर्यंत सण संपलेला.

आता दुसरी बाजू, कारण एवढ्यावर थांबलो तर धाकटीवर अन्याय होईल. धाकटीचा नवरा हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्यात शिफ्टमध्ये आहे. मुलगी झाली तेव्हा त्याला तीन दिवस मिळाले, तेही त्याच्याच रजेतून. केंद्र सरकारच्या नोकरांना पितृत्व रजा १५ दिवस आहे, खाजगी कारखान्यातल्या बापाला कायद्याने एक दिवसही नाही. त्या कारखान्यात त्याला कोणी विचारत नाही की बाबा, तुझी पोरगी रात्री कोण सांभाळते? त्याची रात्रपाळी चालूच राहते, म्हणून बायकोला रात्रपाळी टाळावी लागते, म्हणून मोठ्या सिस्टरला ती करावी लागते. हिंगण्याच्या कारखान्यातला ओझ्याचा एक वाटा असा घरून फिरून दवाखान्यातल्या एका परित्यक्ता बाईच्या डोक्यावर येऊन बसतो, आणि भांडतात कोण? दोन बाया.

काही शहाणे म्हणतात, मूल होणे हा ज्याचा त्याचा निर्णय आहे, मग त्याला रजा कशाला? किंवा बिनलेकऱ्यांनाही तेवढीच रजा द्या. मी याच्याशी सहमत नाही. बाळंतपणाची रजा ही सुटी नव्हे. शरीर फाटून सावरायला लागणारा तो काळ आहे आणि त्यात अर्भकाचाही हक्क आहे. २००० साली दिल्ली महापालिकेच्या मस्टर रोलवरच्या रोजंदारी बायांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केले. रस्त्यावर खडी टाकणाऱ्या रोजंदारी बाईलाही हा लाभ मिळालाच पाहिजे, असा तो निकाल. २०२५ च्या मे महिन्यात उमादेवी विरुद्ध तामिळनाडू शासन या प्रकरणात न्यायालयाने मातृत्व रजेला प्रजनन हक्कांचा भाग मानले. या हक्कात एक दिवसाचीही काटछाट नको.

पण प्रसूती वेगळी आणि त्यानंतरची अठरा वर्षे वेगळी. तिथे प्रश्न देखभालीचा आहे. आणि देखभाल फक्त लेकराचीच करावी लागते का?

केंद्र सरकारने २००८ पासून महिला कर्मचाऱ्यांना पूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, पुढे एकट्या वडिलांनाही दिली. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये १८० दिवसांची दिली. चांगले केले. २०२४ मध्ये शालिनी धर्माणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही रजा म्हणजे उपकार नव्हे, नोकरीत स्त्रियांना समान सहभाग मिळावा म्हणून संविधानानेच ती सांगितली आहे. दिव्यांग मुलाची आई त्या प्रकरणात न्यायालयात गेली होती. आता मोठ्या सिस्टरच्या आईचे पाहा. त्या माउलीला उठवून बसवावे लागते, भरवावे लागते, कपडे बदलावे लागतात. अठरा वर्षांच्या धडधाकट मुलाच्या बारावीच्या परीक्षेसाठी सरकारी नोकराला रजा मिळू शकते, आणि अंथरुणावरच्या आईसाठी? जुलै २०२५ मध्ये राज्यसभेत हा प्रश्न विचारला गेला तेव्हा सरकारचे उत्तर असे आले की नेहमीची अर्जित, अर्धपगारी आणि नैमित्तिक रजा आई-वडिलांच्या देखभालीसाठी वापरता येते. म्हणजे वेगळी काही नाही. हे सरकारी नोकरांचे, खाजगीतल्यांना कोण विचारतो?

आणि कायद्याचा विनोद पुढेच आहे. २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा सांगतो की आई-बापाला सांभाळणे मुलांचे कर्तव्य आहे. त्यांना टाकून दिले तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आईला सांभाळले नाही तर तुरुंग, आणि सांभाळायला एक दिवस रजा नाही!

दीपिका सिंह प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाची गोष्ट मांडली. आई, बाप आणि त्यांची पोटची मुले एवढेच म्हणजे कुटुंब नव्हे. कुटुंबे अनेक प्रकारची असतात आणि कायद्याने त्यांनाही तेच संरक्षण द्यावे. योगायोग असा की त्या प्रकरणातली बाईही नर्सच होती, चंदीगडच्या सरकारी संस्थेतली. नवऱ्याच्या पहिल्या लग्नाच्या मुलांसाठी तिने बालसंगोपन रजा घेतली होती म्हणून तिच्या स्वतःच्या बाळंतपणाची रजा नाकारली गेली होती. न्यायालयाने ती दिली. या निकालाचा धागा पुढे नेला तर लकव्याची आई, मतिमंद भाऊ, बहिणीची पोरकी लेकरे हे सर्व कुटुंबात यायला हवेत. आपल्या वस्त्यांत तर अशी कुटुंबे घरोघरी आहेत. देखभालीच्या रजेचा आधार 'तुला मूल आहे का' हा नसावा. 'तुझ्यावाचून कोणाचे अडते' हा असावा. जन्मदाखला पाहू नका, गरज पाहा. आणि ज्याच्या घरी कोणीच नाही, त्याच्या रात्रीही मोजूनच घ्या, कारण तोही माणूस आहे, त्यालाही झोप लागते.

दुसऱ्यांना हे सांगण्याआधी मला माझे सांगितले पाहिजे. माझ्या चेंबरमध्ये एक ज्युनिअर होता. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदियाच्या तारखा आल्या की मी त्यालाच पाठवायचो. मला दोन मुले, त्यांची शाळा, त्यांच्या परीक्षा. तो अविवाहित. "तुला काय, एकटा जीव, सकाळच्या गाडीने निघून जा," हे वाक्य मी किती वेळा बोललो असेन त्याची गणती नाही. दोन वर्षांनी कळले की त्याच्या घरी फिट येणारा मोठा भाऊ आहे आणि हा पोरगा बाहेरगावी गेला की शेजारणीला पन्नास रुपये देऊन भावाजवळ बसवत असे. त्याने मला कधी सांगितले नाही. मी विचारलेही नाही. संविधानाची कलमे तोंडपाठ असलेल्या माणसाच्या चेंबरमध्ये हे घडले.

आपल्या चळवळीतही हेच चालते. शिबिर लावायचे आहे, मोर्चाची परवानगी काढायची आहे, रात्री बॅनर बांधायचे आहेत, मग कोण? जो 'सडाफटिंग' आहे तो. आणि अशी एखादी बाई असेल तर तिच्याकडून कामे सगळी करून घ्यायची आणि पाठीमागे तिला वांझोटी म्हणायला कमी करायचे नाही. शब्द कठोर आहे, पण हा शब्द आपल्या विहाराच्या पायऱ्यांवर मी स्वतः ऐकला आहे.

एकाच माणसाला मालकाच्या सोयीप्रमाणे कधी लेकरांसाठी शिक्षा होते, तर कधी लेकरू नसल्याची. १९६५ सालचे मुंबईच्या एका औषध कंपनीचे प्रकरण कायद्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. लग्न झाले की बाईची नोकरी संपली, असा नियम कंपनीने केला होता. कारण काय, तर लग्न झालेल्या बाया फार गैरहजर राहतात. बॉम्बे लेबर युनियनने लढा दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने नियम रद्द केला. १९८१ मध्ये नर्गेश मिर्झा प्रकरणात पहिल्या गरोदरपणाला हवाई सुंदरीची नोकरी संपवणारी अट रद्द झाली. आज तसे नियम छापील नसतात. छापील नसल्यामुळेच त्यांच्याशी लढणे अवघड झाले आहे.

आणि दवाखान्याच्या, कार्यालयाच्या बाहेर जिथे कायदा पोहोचतच नाही, तिथे काय होते? मराठवाड्यातील ऊसतोडीकडे पाहा. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, एक दिवस गैरहजर राहिले तर खाडा पडतो आणि त्याचे पैसे उचलीतून कापले जातात. पाळी असो, गर्भ असो, अंगावरचे मूल असो, खाडा तो खाडाच. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली आणि राज्य सरकारला समिती नेमावी लागली. सुमारे ८२ हजार बायांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक बायांची गर्भाशये काढलेली आढळली. त्यात डॉक्टरांचा धंदा होता, अज्ञान होते, आजारही होते. पण सरकार आणि मालक दोघांनी हात वर केले की आईपणाचा भार कोणावर येऊन पडतो, हे याहून स्पष्ट कोणत्या आकड्याने सांगायचे? आशा ताईंचे पाहा. गावच्या बाळंतिणीला रात्री-बेरात्री दवाखान्यात नेणारी ही बाई सरकारच्या दप्तरी कामगार नव्हे, 'स्वयंसेविका' आहे.

तर, दवाखान्याचे काय झाले? मी दोघींना दोन वेगळ्या तक्रारी करू दिल्या नाहीत. एकच निवेदन केले. त्यावर वॉर्डातल्या इतर सिस्टरांच्याही सह्या घेतल्या. त्यातल्या दोघी केरळच्या ख्रिस्ती आणि एक कुणबी समाजातली. आमचा कायद्याचा आधार साधा होता. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघ मान्यता व अनुचित श्रमप्रथा प्रतिबंधक कायद्यात मालकाच्या अनुचित प्रथांची यादी आहे. गुणवत्ता न पाहता कामगारांच्या एका गटाला झुकते माप देणे ही त्यातली एक प्रथा. नव्या औद्योगिक संबंध संहितेच्या यादीतही ती आहे. इथे आम्ही मांडले ते असे की व्यवस्थापनाने झुकते माप ना लेकुरवाळीला दिले, ना बिनलेकरीला. एकीची वाढ रोखली, दुसरीची झोप घेतली आणि दोन्हींचा फायदा स्वतः खाल्ला.

संस्थेच्या वकिलाने दोन मुद्दे काढले. पहिला, आम्ही धर्मादाय संस्था आहोत. हा मुद्दा पुढे आणखी ऐकायला मिळणार आहे, कारण नव्या संहितेत 'उद्योग' या व्याख्येतून धर्मादाय काम करणाऱ्या संस्था वगळल्या आहेत. रुग्णांकडून खोलीचे भाडे घेताना ट्रस्ट धर्मादाय नसतो, सिस्टरला रात्रीचा मोबदला द्यायची वेळ आली की धर्मादाय होतो! दुसरा मुद्दा पाळणाघराचा. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघर हवे, ही २०१७ ची तरतूद मातृत्व लाभ कायद्यातली. तुमच्या अशिलांना राज्य विमा लागू आहे, म्हणून तो कायदाच येथे लागू नाही, असे ते म्हणाले. खोटे कशाला बोलू, त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमात त्यांच्या म्हणण्याला जागा होती. कायदा करणाऱ्यांनी दरवाजा उघडा ठेवला होता आणि ते त्यातून निघून गेले.

२०२५ च्या सुरुवातीला कोर्टाबाहेर लेखी समझोता झाला. रात्रपाळ्या सर्वांना समान फेऱ्याने. ज्या सिस्टरचे मूल एक वर्षाच्या आतले आहे तिला सूट, पण त्या पाळ्या बदली सिस्टर करेल, वॉर्डातली दुसरी नव्हे. महिन्याहून अधिक रजेवर कोणी गेले तर तिच्या जागी तात्पुरती नेमणूक. सणांच्या रजा चिठ्ठ्या टाकून. मग तो नाताळ असो, दिवाळी असो की धम्मचक्र प्रवर्तन दिन. धाकटीची रोखलेली वाढ थकबाकीसह मिळाली. मोठीला जादा रात्रींचा मोबदला अर्धाच मिळाला. मला तो पुरता मिळायला हवा होता, पण तिनेच मान्य केले. पाळणाघर नाही. आई-वडिलांच्या देखभालीची रजा नाही. ती मागणी वाचून त्यांचे व्यवस्थापक हसले होते.

मोठ्या सिस्टरची आई त्याच उन्हाळ्यात गेली. तिसऱ्या दिवशी सिस्टर कामावर हजर होती. दसऱ्याच्या रजेच्या चिठ्ठीत तिचे नाव निघाले आणि ती दीक्षाभूमीवर गेली. त्या रात्रीची ड्युटी धाकटीची होती, तिने ती केली.

समझोत्यावर सह्या झाल्या त्या संध्याकाळी वॉर्डातल्या चार आयाबाई चेंबरच्या दारात उभ्या होत्या. त्या ठेकेदाराच्या. त्यांना ना प्रसूतीची रजा, ना रात्रपाळीचा फेरा. बाळंतपण आले की नाव मस्टरवरून जाते आणि परत आल्या की पहिल्या दिवसाच्या पगारावर लागतात. विम्याची कपात होते, पण भरणा होतो की नाही याची कोणाकडेच पावती नाही. समझोत्यात त्यांचे नावही नव्हते, आणि ती चूक माझी. मी वॉर्डातल्या सिस्टरांच्या सह्या घेतल्या तेव्हा फरशी पुसणारीकडे कागद नेला नव्हता. आता त्यांच्या विम्याचे क्रमांक गोळा करणे चालू आहे. चारपैकी दोघींचे सापडले आहेत.